हुशार मूल आणि हायस्कूलची वाट

गेल्या वैशाखातली गोष्ट. ऐन उन्हाची वेळ होती. काटेवाडीचे आमचे एक स्नेही माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. काटेवाडी म्हणजे बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे गाव. तुकोबांची पालखी या वाटेने निघाली की येथे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना गावाची ओळख निराळी सांगावयास नको. नाना घोटभर पाणी प्याले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

"सर, पोरीचं नाव शिष्यवृत्तीच्या यादीत लागलंय. गुरुजी म्हणत्यात, पोर लई हुशार हाय, वाया घालवू नका. आता सातवी झाली. आठवीला कुठं घालू तेवढं सांगा. भावकी म्हणती पुण्याला घाला. एका शाळेची फी विचारली तर घामच फुटला. अन् धाकटा पोरगा बी हाय मागं."

मी इतिहासाचा मास्तर. मला शाळांची यादी तोंडपाठ नाही. पण नानांचा प्रश्न मला नवा वाटला नाही. आपल्या मुलखात हा प्रश्न गेली दीडशे वर्षे घराघरांतून विचारला जात आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला काय उत्तरे दिली आणि त्या उत्तरांची किंमत कोणी मोजली, हे पाहिले तर आजच्या आईबापांना थोडीफार मदत होईल असे मला वाटते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

प्रथम जुनी व्यवस्था कशी होती ते पाहू. इंग्रजी अमदानीत गावच्या शाळेत मराठी चार इयत्ता झाल्या की पोरापुढे दोन वाटा फुटत. एक वाट मराठी सातवीची. ती पुरी केली की व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, आणि ती पास झाला की गडी शाळामास्तर व्हायला मोकळा. दुसरी वाट इंग्रजी पहिलीची. ती सात वर्षे चालून मॅट्रिकला पोचावयाचे. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा 1859 साली सुरू झाली. कॉलेज, वकिली, डॉक्टरी, मामलेदारी ही सारी दारे मॅट्रिकनंतरची. पण मराठी वाट गावातून जाई आणि इंग्रजी वाट शहरातून जाई. दहा-अकरा वर्षांचे पोर कोणत्या वाटेला लावावयाचे हे त्याच्या अकलेपेक्षा बापाच्या कनवटीवर आणि शहरात एखादा नातेवाईक आहे की नाही यावर ठरत असे.

हायस्कुले तरी होती कुठे? पुण्यात होती, साताऱ्यात होती, कोल्हापुरात होती. 1860 साली पुण्यात निघालेल्या आणि आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके यांच्याबरोबर लक्ष्मण नरहर इंदापूरकर हे नाव घेतले जाते. नावात इंदापूर होते, पण शाळा पुण्यात होती. याच संस्थेचे हायस्कूल बारामतीत आले ते पुढे. 1880 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेही पुण्यातच. फी स्वस्त झाली, शिकवणारे उत्तम आले, परंतु नीरेकाठच्या कुणब्याच्या पोराला ती शाळा पूर्वीइतकीच लांब राहिली.

हे दुखणे जोतीराव फुल्यांनी नेमके ओळखले होते. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की सरकारी तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि त्यातून उच्च शिक्षण मिळते ते मूठभर वरच्या वर्गांना. खेड्यातील प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. तिचा अर्थ असा की आधी खालची पायरी भक्कम करा, नाही तर वरच्या पायऱ्या कोणासाठी?

आता या काळातल्या दोन-तीन हुशार मुलांची हकिगत ऐका.

धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. सतरा वर्षांचे असताना, 1875 च्या सुमारास, ते सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्री, आणि वाहन म्हणजे दोन पाय. चार दिवस चालून साताऱ्यास पोचले, तर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांची लहानखुरी चण पाहिली आणि वय कमी आहे म्हणून परत पाठविले. असा मुलगा पुढे मुंबईस रॉबर्ट मनी शाळेत शिकून 1881 साली मॅट्रिक झाला. स्त्रीशिक्षणाच्या कामामुळे महाराष्ट्र त्यांना महर्षी म्हणून ओळखतो. त्या दिवशी ते हिरमुसून घरीच बसले असते तर?

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागलला महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरातले आठ रुपये ते कोल्हापूरला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. गोखले 1881 साली मॅट्रिक झाले, आणि ते पुढे किती मोठे झाले ते आपण जाणतोच. पण मला नेहमी वाटते की त्या हकिगतीत गोविंदरावांचे नावही तितक्याच आदराने घ्यावे. हुशार मुलाला चांगले हायस्कूल मिळते तेव्हा घरातले दुसरे कोणीतरी आपली पाटी खाली ठेवते.

तिसरी हकिगत भीमराव आंबेडकरांची. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दाखल झाले खरे, परंतु अस्पृश्यतेचे चटके त्यांना त्याच कोवळ्या वयात शाळेत सोसावे लागले. तेव्हा शाळेच्या दारातून आत जाणे वेगळे आणि आत गेल्यावर आपले म्हणून वागवले जाणे वेगळे. शाळा निवडताना दुसरी गोष्ट बघावयाची आपण विसरतो.

आता आपल्या नीरेकाठी येऊ. नीरेचा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानात ऊस उभा राहिला. गुऱ्हाळे आली, गुळाची पेठ आली, मग साखर कारखाने आले. पाण्यामागून पैसा आला, पैशामागून काही घरांत शिक्षणाचा विचार आला. सगळ्या घरांत मात्र आला नाही. बागायत वाढली तसे पोराला शाळेतून काढून मोटेवर धाडणारेही पुष्कळ होते.

काटेवाडीचे एक घर या बाबतीत सर्वांच्या माहितीचे आहे. शारदाबाई पवार यांचे ते घर. राजकारण हा आज आपला विषय नाही, म्हणून त्यांच्या मुलांच्या राजकारणाविषयी मी काही बोलणार नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या माउलीविषयी. शारदाबाई कोल्हापूरकडच्या. जन्म 1911 चा. लहानपणीच पोरक्या झाल्या. पण त्यांना वाढविणाऱ्यांनी मुलगी म्हणून शिक्षण आखडले नाही. त्या पुण्याला सेवासदनात शिकल्या. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली उभी राहिलेली ही संस्था. शारदाबाई 1938 साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. अकरा मुलांचा प्रपंच सांभाळून त्यांनी हे केले, आणि त्या अकराजणांच्या शिक्षणाकडेही पाहिले. एका मुलाची काही शाळा नगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरला झाली, एक जण इंजिनियरिंगसाठी थेट राजस्थानातील पिलानीला गेला. एका मुलीला एका चांगल्या शाळेत घातले, त्याचे फळ दोन पिढ्या पुरले. नानांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ते खरं हो सर, पण ती माणसं येगळी." मी म्हटले, "नाना, पोरकी पोर पुण्याला शिकायला निघाली त्या दिवशी ती वेगळी नव्हती."

परंतु ज्यांच्या रानाला कालवा नव्हता आणि ज्यांच्या पाठीशी गोविंदराव नव्हते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी भाऊराव पाटील उभे राहिले. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली काम साताऱ्यास आणले आणि निरनिराळ्या जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. 1927 साली त्या वसतिगृहाला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले ते महात्मा गांधींच्या हस्ते. पोरांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे फीच्या ऐवजी मुलाने घाम द्यावयाचा, म्हणजे शेतात, बांधकामावर काम करावयाचे आणि शिकावयाचे. "कमवा आणि शिका" ही आपल्या ओठांवरची म्हण तेथली. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. हुशार पोराला उचलून शहरात न्यावयाचे हा एक मार्ग. शाळाच उचलून पोराच्या तालुक्यात आणावयाची हा दुसरा मार्ग. रयतेने दोन्ही मार्ग चालून दाखविले, आणि आज खेडोपाडी हायस्कूल दिसते ते पुष्कळसे त्या दुसऱ्या मार्गामुळे.

स्वातंत्र्यानंतर सरकारही या कामात उतरले. 1954-55 पासून शिष्यवृत्तीच्या परीक्षा चालू झाल्या. अनेक वर्षे त्या चौथी-सातवीला होत, मग पाचवी-आठवीला गेल्या. इयत्ता बदलत राहते, ती शाळेत विचारून घ्यावी. 1961 साली साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. तेव्हा ती फक्त मुलांची होती. 2021-22 पासून सैनिक शाळांची दारे मुलींनाही खुली झाली. 1962 साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी काढली आणि 1969 साली तिची प्रशाला सुरू झाली. 1966 साली मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी विद्यानिकेतने निघाली. 1985-86 साली नवोदय विद्यालये सुरू झाली, आणि देशातील पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीचे. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिरूर तालुक्यात आहे. तेथे सहावीला प्रवेश मिळतो. निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, एक तृतीयांश मुलींना असतात, आणि राहणे-जेवण फुकट असते. मात्र ती परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते आणि एकदाच देता येते. कित्येक आईबापांना हे सहावीत कळते! शिक्षक बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की पाचवीच्या वर्गातल्या प्रत्येक घरी हा निरोप पोचवावा. रिकाम्या जागा असल्यास नवोदयला नववीतही प्रवेश असतो, त्याची परीक्षा आठवीत असताना होते.

आता निवड-परीक्षांविषयी एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1921 साली कॅलिफोर्नियातील हजारो मुलांतून बुद्धीच्या चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार हुशार मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा ठेवला. त्यांच्यातले पुष्कळ चांगले निघाले. पण चाचणीत जे बसले नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ अशी दोन पोरे होती. त्या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकाला 1956 साली, दुसऱ्याला 1968 साली. टर्मनच्या निवडलेल्यांत मात्र नोबेल कोणालाच नाही. तेव्हा परीक्षा जरूर द्यावी, पण यादीत नाव नाही म्हणून पोराला मठ्ठ म्हणू नये.

आणि नावाजलेली शाळा मिळाली नाही तर सारे संपले असेही नाही. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांची हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. गिरगावात राहणारे गरीब घर, वडील नाहीत, आई कष्ट करणारी. हायस्कुलात नाव घालावयास एकवीस रुपये हवे होते. ते उसने मिळेतो दिवस गेले, आणि प्रवेश मिळाला तो युनियन हायस्कूल या गरिबांच्या शाळेत. पण त्या शाळेत भावे नावाचे शिक्षक होते. त्यांनी एकदा मुलांना उन्हात नेले, भिंगाने सूर्याचे किरण कागदावर एकवटून दाखविले, कागद जळाला. शक्ती एका जागी आणली की काय होते, हे त्या पोराला तेथे समजले. 1960 साली एस.एस.सी.ला हा मुलगा गुणवत्ता यादीत आला. शाळेची इमारत कशी होती हे कोणी विचारीत नाही. भावे सर मात्र साऱ्यांना माहीत झाले.

हे सारे ऐकून नाना गप्प बसले. मग म्हणाले, "मंजी पुण्याला घालू नको म्हणता?"

तसे मला म्हणावयाचे नव्हते. मी त्यांना माझ्या घरची गोष्ट सांगितली, ती आपणांलाही सांगतो. मी आठवीला शहरातल्या एका वसतिगृहात गेलो. घरी एकालाच शहरात ठेवण्याइतकी ऐपत होती. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा हिशेबात पुढे होती. मला त्रैराशिक तिनेच शिकविले. पण पुढची शाळा तीन कोसांवर, वयात आलेली पोर, जायला सोय नाही, म्हणून तिची शाळा सातवीत थांबली. माझी फी भरली जात होती त्या वर्षांत ती रानात खुरपत होती. तिने कधी बोलून दाखविले नाही. आज ती गावातल्या बचत गटाचा हिशेब ठेवते आणि पैचाही फरक पडू देत नाही. त्या चोपड्या पाहिल्या की मला गोविंदराव गोखले आठवतात. गोविंदरावांनी पाटी आपल्या हाताने खाली ठेवली. माझ्या अक्काच्या हातातून ती काढून घेतली गेली, हा फरक आहे.

म्हणून मी नानांना म्हटले, "शाळा ठरवायच्या आधी वहीचं एक पान घ्या. पुण्याचा सारा खर्च एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला लिहा की हा खर्च घरात कोणाच्या वाट्याचा कमी होणार. धाकट्याच्या नावापुढं काही उरत नसेल तर ती शाळा परवडली असं म्हणू नका. आणि तालुक्याची शाळा निवडलीत तर ती पोरगी आहे म्हणून निवडू नका."

पुढचे हिशेब आम्ही बसून केले. गावाकडच्या मुलीला शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट मिळतो. माझ्या बहिणीच्या वेळी असे काही आमच्या वाट्याला आले नव्हते. आठवीत एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा असते. ती पास झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये मिळतात. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ती सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. विनाअनुदानित शाळेत घातले की तो हक्क जातो. हे नानांना कोणी सांगितले नव्हते. भारी फी भरून वर शिष्यवृत्तीही घालवावयाची, असा दुहेरी तोटा होणार होता.

मग मी म्हटले, "दोन-तीन शाळा स्वतः बघून या. फाटकावरचा बोर्ड वाचून परत फिरू नका. विज्ञानाचं कपाट उघडायला सांगा. भिंगावर धूळ आहे का बघा. गणित कोण शिकवतं, किती वर्षं शिकवतं, पोरीनं शंका विचारली तर रागावतं का, हे त्या शाळेतल्या पोरांना विचारा. पोरं खरं सांगतात."

आठ दिवसांनी नाना परत आले. या वेळी मुलगी बरोबर होती. आम्ही दोघे पुन्हा फी, पास, अंतर यावर बोलू लागलो. ती खाली मान घालून ऐकत होती. अचानक माझ्या ध्यानात आले की या साऱ्या खटाटोपात तिला कोणी काही विचारलेच नाही. मी म्हटले, "बाळ, तुला काय वाटतं?"

ती नानांकडे पाहू लागली. नाना म्हणाले, "बोल की."

तेव्हा ती म्हणाली, "सर, बारामतीच्या शाळेत प्रयोग करायला देतात. आम्ही गेलो तेव्हा बाईंनी मला नळी धरायला दिली. दुसऱ्या शाळेत कपाटाची किल्लीच सापडली नाही."

नाना हसले. मीही हसलो. निकाल लागला होता. ती आता बारामतीला एसटीने जाते. पुढे अकरावीला पुणे, की आणखी कुठे, ते तेव्हा पाहू. वहीच्या त्या पानावर धाकट्याच्या नावापुढचा आकडा अजून शाबूत आहे.

श्रोतेहो, ज्यांच्या घरी असे एखादे पोर असेल त्यांनी इतिहासातली ही माणसे एकदा आठवावीत. चार दिवस चाललेले कर्वे, आठ रुपये पाठवणारे गोविंदराव, मंगळसूत्र मोडणाऱ्या लक्ष्मीबाई, भिंग हातात घेऊन उन्हात उभे राहिलेले भावे सर. आणि मग शाळेचा फॉर्म भरण्याआधी पोराला जवळ बसवून विचारावे, तुला काय वाटतं?